‘रक्तहीन’ क्रांती आणि चार्ल्सचे मुंडके

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या माझ्या भाचीने परवा आपली वही दाखवली, तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश तिने त्यात जसाच्या तसा उतरवून घेतलेला आढळला. त्याचे म्हणणे असे की, इंग्लंडच्या राजाने तत्त्वज्ञ जॉन लॉक याचा राज्यकारभारावरील ग्रंथ वाचून, रक्ताचा थेंबही न सांडता, १६८९ मध्ये आपली सत्ता संसदेच्या स्वाधीन केली. फ्रान्समध्ये मात्र राणीच्या ‘पाव नसेल तर केक खा’ या एका वाक्यावरून लोकांनी देश पेटवला. तेव्हा हक्क मागायचे नसतात, शहाणा राजा ते आपणहून देतो.

रक्ताचा थेंब! संसदेला न विचारता अकरा वर्षे कारभार करणारा आणि ‘जहाजपट्टी’सारखे कर लादणारा पहिला चार्ल्स १६४२ मध्ये संसदेविरुद्ध युद्धास उभा राहिला, त्या यादवीत हजारो माणसे मेली आणि ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमधील बँक्वेटिंग हाउससमोर भर चौकात त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा मुलगा दुसरा जेम्स १६८८ च्या या तथाकथित ‘रक्तहीन’ क्रांतीत गादीवरून गेला, आणि जेम्सचा डच जावई विल्यम व मुलगी मेरी यांना हक्कांचा जाहीरनामा वाचून दाखवून राजमुकुट देऊ करण्यात आला तो १३ फेब्रुवारी १६८९ रोजी, याच इमारतीत. खुद्द इंग्लंडच्या भूमीवर १६८८ मध्ये मोठी लढाई झाली नाही, एवढे नाइलाजाने मान्य करतो. पण आयर्लंडमधील बॉइनची (१६९०) आणि ऑक्रिमची (१६९१) रणांगणे याच सत्तांतराची होती, आणि तेथे सांडलेले रक्त आयरिश होते म्हणून ते हिशेबातून वगळता येत नाही.

आता राजाच्या औदार्याविषयी. विल्यम परदेशी फौज घेऊन उतरल्यावर दुसरा जेम्स राजमुद्रा थेम्स नदीत टाकून पळाला, पकडला गेला आणि पुन्हा निसटून फ्रान्सला पोहोचला; याला सत्ता स्वाधीन करणे म्हणत असतील तर बोलणेच खुंटले. संदेशातले १६८९ हे ज्या हक्कविधेयकाचे साल, म्हणजे वरच्या जाहीरनाम्याला संसदेने दिलेल्या कायद्याच्या रूपाचे, ते कोणी उघडून पाहिलेले दिसत नाही, कारण त्याची सुरुवातच जेम्सवरील आरोपांच्या यादीने होते, आणि त्यानंतर संसदेच्या संमतीवाचून कायदा स्थगित करणे, कर वसूल करणे व शांततेच्या काळात खडे सैन्य बाळगणे बेकायदा ठरवले जाते. देणगीपत्राची भाषा अशी नसते. शिवाय कागदापेक्षा पैसा अधिक उपयोगी पडला: फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी युद्ध करायचे तर विल्यमला निधी हवा होता, संसद तो मोजून-मापून मंजूर करत असे, आणि त्यामुळे तिची अधिवेशने दरवर्षी भरवणे राजाला भाग पडले. तरीही राजा निष्प्रभ झाला नव्हता. मंत्री तोच नेमत असे, आणि राणी ॲनने १७०८ मध्येही एका विधेयकाला संमती नाकारली.

लॉकचे म्हणाल, तर त्याचा तो ग्रंथ १६८९ च्या अखेरीस, तोही निनावी, बाहेर आला. जेम्स त्याआधीच पळालेला होता. लॉकच्या विचारांचा प्रभाव पुढे १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर दिसतो, हे खरे, पण जेम्सने तो ग्रंथ वाचून गादी सोडली हे निव्वळ कपोलकल्पित आहे.

केकवर शाई दवडावी असे त्यात काही नाही. ते वाक्य फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या रूसो या विचारवंताच्या आत्मचरित्रात एका अनाम राजकन्येच्या तोंडी येते, त्यात केकही नाही, ब्रिऑश नावाचा पाव आहे, आणि रूसोने तो भाग लिहिला तेव्हा ही राणी, मारी आंत्वानेत, फ्रान्समध्ये आलेलीच नव्हती.