पराटीवरची ‘पाच मिनिटांत मारणारी’ अळी

2022 साली गावोगाव फिरलेला मेसेज पुन्हा उठलाय. आमच्या नागपूरच्या घरच्या ग्रुपवरून तो काटोलच्या मावशीपर्यंत पोचला. मजकूर असा: पराटीवर, म्हणजे कपाशीवर, काटेरी हिरवी अळी आली आहे, ती चावली की माणूस पाच मिनिटांत खलास, तिचं फुलपाखरू झालं की पंखांच्या भुकटीनं डोळे जातात, लिंबावरच्या शिंगवाल्या अळ्या तिचीच पिल्लं, दिसेल तिथे जहाल औषध मारा. सोबत वावरात पडलेल्या दोन मृतदेहांचा फोटो. झालं! मावशीकडे निंदायला बाया येईनात आणि अंगणातला गोडलिंब (कढीपत्ता) मुळासकट गेला.

फोटोतले ते दोघे जळगाव जिल्ह्यात वीज पडून गेले. हे तेव्हाच उघड झालं होतं. कुणाच्या घरचं मयत अळीखाली चिकटवून पुढे ढकलताना यांना लाज कशी वाटत नाही?

मुळात ही घोणस अळी चावतच नाही. तिचे जबडे पानं कुरतडण्यापुरते. अंगावर ओळीनं मांसल उंचवटे, त्यांवर पोकळ, विषारी काटे. ते कातडीला घासले की टोकं मोडून आत राहतात आणि आग होते. चांगलीच होते. गांधी उठतात, सूज येते. एखाद्याला ॲलर्जी असली, धाप लागली, तर त्यानं दवाखाना गाठावाच. बाकीच्यांनी चिकटपट्टी लावून ओढावी, काटे निघून येतात. मग साबणानं धुवून बर्फ लावावा. चोळायचं नाही.

अळीनं माणूस मरतच नाही, असंही नाही, हे नाइलाजानं कबूल करतो. दक्षिण ब्राझीलमध्ये लोनोमिया नावाच्या पतंगाच्या अळ्या झाडाच्या खोडावर घोळक्यानं बसतात. त्यांच्या विषानं रक्त गोठेनासं होतं, आतल्या आत रक्तस्राव होतो, माणसं दगावली आहेत. साओ पावलोच्या बुटांटान संस्थेनं त्यावर सीरम काढलंय. पण पाच मिनिटांत तिथेही कुणी मरत नाही, आणि ती अळी दक्षिण अमेरिकेतली आहे, काटोलच्या पराटीवरची नव्हे.

माझं डोकं फिरतं ते ‘जहाल औषध मारा’ या ओळीनं. मावसबहिणीच्या नवऱ्यानं दोन औषधं एकाच पंपात कालवली, तोंडाला नुसता दुपट्टा, हातमोजे नाहीत, पराटी छातीएवढी वाढलेली. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. इतक्यात तेही विसरलो? अळीच्या भीतीनं माणूस त्याच पंपाखाली जातोय, आणि मेसेज पाठवणारा फुलांच्या चित्रासह ‘जनहितार्थ’ लिहून मोकळा.

पंखांची भुकटी म्हणजे खवले. डोळ्यात गेले तर चुरचुरेल, पाण्यानं धुवा. शिवाय या अळीचं फुलपाखरू होत नाही. ती कडक, गोलसर कोष करते, त्याचं झाकण उघडून जाडसर पतंग निघतो. त्याला खाण्याजोगं तोंडही नसतं.

आणि लिंबावरची? ती लिंबाच्या फुलपाखराची. लहानपणी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल, शिंगासारखं दुबेळकं बाहेर काढते, उग्र वास मारतो, बस. विषबिष काही नाही. संत्र्याची कोवळी रोपं ती फस्त करते, ही तक्रार खरी. तिथेही थोड्या असल्या तर हातानं वेचल्या की भागतं.