लेखन ‘आपोआप’ येते का? एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

किशोरवयीन मुलांच्या लेखनाचा विषय निघाला की एक सल्ला हमखास पुढे केला जातो. लेखन हे शिकवून येत नसते. मुलांना भरपूर वाचू द्यावे, व्याकरण घोटून घ्यावे, वहीतली प्रत्येक चूक लाल शाईने दाखवावी आणि निबंधाचा एक साचा पक्का करून द्यावा, म्हणजे उरलेले महाविद्यालयात गेल्यावर जमते, असा त्याचा आशय आहे. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, परंतु त्यातील एकेक मुद्दा तपासला तर फार थोडे शिल्लक राहते.

वाचनापासून सुरुवात करू. वाचनावाचून चांगले लेखन होत नाही, हे मान्यच आहे. पण अट्टल वाचक असलेली आणि तरीही दोन परिच्छेद सुसूत्र लिहू न शकणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली असतात. याचे कारण असे की वाचकापुढे येतो तो पक्का खर्डा. लेखकाने खोडलेली वाक्ये, बदललेला क्रम आणि गाळलेले मुद्दे त्याला कधी दिसत नाहीत. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितलेली पद्धत या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. किशोरवयात ते ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातील निबंध घेऊन प्रत्येक वाक्याचा आशय थोडक्यात टिपून ठेवत, काही दिवस गेल्यावर मूळ न पाहता तो निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहीत आणि मग मुळाशी ताडून आपल्या चुका शोधत. कधी ते टिपणांचा क्रम मुद्दाम विस्कटून टाकत आणि काही आठवड्यांनी तो नव्याने लावत, कारण विचारांची मांडणी कशी करावी हे त्यांना शिकायचे होते. हेही वाचनच होते, पण हातात लेखणी घेऊन केलेले.

व्याकरणाचा मुद्दा सर्वांत जास्त ठासून मांडला जातो आणि पुराव्याच्या बाबतीत तोच सर्वांत लंगडा आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेखनविषयक संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हाच त्यांनी म्हटले होते की औपचारिक व्याकरण शिकवण्याचा लेखन सुधारण्यावर नगण्य, किंबहुना काही वेळा अपायकारक परिणाम होतो. पुढे २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात नियोजन आणि फेरलेखनाच्या पद्धती उघडपणे शिकवण्याच्या परिणामाचे मान (तुलनेच्या वर्गापेक्षा लेखन किती सुधारले याचे माप; शून्य म्हणजे फरक नाही, उणे म्हणजे पीछेहाट) ०.८२, सारांशलेखनाचेही ०.८२, वाक्यसंकलनाचे ०.५० आणि लेखनापासून तोडून शिकवलेल्या सुट्या व्याकरणाचे उणे ०.३२ आले. (त्यातील बहुतेक अभ्यासांत व्याकरणाचा वर्ग केवळ तुलनेसाठी ठेवलेला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे, त्यामुळे ‘व्याकरणाने लेखन बिघडते’ असा उलटा डंका पिटण्याचेही कारण नाही.)

वाक्यसंकलन म्हणजे सुटी वाक्ये जोडून एक वाक्य करणे. ‘प्रयोग फसला. तापमान मोजले नव्हते. निष्कर्ष मात्र लिहिला गेला.’ ही तीन वाक्ये घ्या. ‘तापमान न मोजल्यामुळे प्रयोग फसला, तरी निष्कर्ष मात्र लिहिला गेला’ असे लिहिले तर रोख निष्कर्ष लिहिणाऱ्यावर जातो. ‘निष्कर्ष लिहिला गेला असला तरी तापमान न मोजल्यामुळे प्रयोग फसला होता’ असे लिहिले तर तो फसलेल्या प्रयोगावर येतो. ‘तरी’चे स्थान बदलल्याने काय होते, हे मुलाला येथे स्वतःच्या हाताने कळते. व्याकरण शिकवायचेच असेल तर ते अशा जागी शिकवावे.

लाल शाईबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. एका पानावर तीस खुणा झाल्या की मूल ऱ्हस्व-दीर्घ सुधारते आणि युक्तिवाद होता तसाच ठेवते. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये विद्यार्थी आणि अनुभवी लेखक यांच्या फेरलेखनाची तुलना केली, तेव्हा विद्यार्थी मुख्यतः शब्द बदलताना दिसले, तर अनुभवी लेखक आपल्या युक्तिवादाचा आकार शोधत होते. शिक्षकाची प्रत्येक खूण शब्दावरच असेल, तर मुलाचेही लक्ष शब्दावरच राहणार. ‘तुझा मुख्य दावा तिसऱ्या परिच्छेदात सापडला, तो आधी आला तर दुसऱ्या परिच्छेदाचे काय करशील?’ असा एक प्रश्न मला त्या तीस खुणांपेक्षा मोलाचा वाटतो. मात्र तो पक्क्या खर्ड्यावर, गुण देऊन झाल्यावर विचारला तर वाया जातो.

प्रस्तावना, तीन मुद्दे आणि समारोप हा साचा घाबरलेल्या मुलाला पहिल्यांदा आधार देतो, हे खरे. अडचण अशी की मुद्दे दोन असोत वा पाच, साच्यासाठी ते तीनच करावे लागतात, आणि ‘विरुद्ध पक्षाचे एक म्हणणे बरोबर असेल तर?’ या प्रश्नाला त्यात जागाच नसते. चार-सहा निबंधांनंतर तो काढून घ्यावा.

राहिला ‘महाविद्यालयात जमते’ हा भाग. तेथे प्राध्यापक विषय शिकवतात आणि लेखन येतच असेल असे गृहीत धरतात. दोन स्रोत एकमेकांशी ताडून पाहणे, दुसऱ्याचे म्हणणे विपर्यास न करता सारांशाने सांगणे, त्यानंतर आपले मत वेगळे मांडणे, ही कामे पहिल्याच सत्रात समोर येतात. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत दर पंधरवड्याला एक पानभर सारांश आणि महिन्याला एकाच लेखाचे दोन खर्डे एवढे जरी करून घेतले, तरी ती अनोळखी राहणार नाहीत.