बाळाची कावीळ आणि ग्लुकोजचं पाणी

"नवजात बाळाची कावीळ साधीच असते. निळ्या दिव्यांची पेटी हा दवाखान्यांचा धंदा. कोवळं ऊन द्या, वरून ग्लुकोजचं पाणी पाजा, आईने हळद आणि वरण बंद करावं. पंधरा दिवसांत आपोआप उतरते." हा निरोप भाचीपर्यंत पोचला. बाळ चार दिवसांचं, आणि घरात वरण बंद होऊन ग्लुकोजची पुडी आलीसुद्धा!

बहुतेक वेळा साधी असते, हे कबूल. जन्मानंतर तांबड्या पेशी भराभर फुटतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य बनतं आणि अपरिपक्व यकृताला त्याचा निपटारा झेपत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसतं. पण पहिल्या २४ तासांतच पिवळं दिसलं, तर ते साधं समजायचं नाही. रक्तगट जुळत नसेल (आई आरएच निगेटिव्ह किंवा ओ गटाची), जीसिक्सपीडीची (तांबड्या पेशींना जपणारं एक विकर) कमतरता असेल, तर पेशी फार वेगाने फुटतात. ही कमतरता असलेल्या बाळाला डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली जुनी दुपटीही घातक ठरतात.

सगळ्यात वाईट सल्ला ग्लुकोजचा. बिलिरुबिन बाहेर पडतं ते मुख्यतः शीतून. साखरपाण्याने इवलंसं पोट भरलं की बाळ कमी ओढतं, आईचं दूध कमी होतं, बाळाला शी कमी होते आणि आतड्यातलं बिलिरुबिन परत रक्तात शोषलं जातं. म्हणजे कावीळ वाढते. उपाय अंगावरच्या दुधाचाच: २४ तासांत ८ ते १२ वेळा. झोपाळू बाळाचं दुपटं सोडा, तळपाय चोळा, उठवून पाजा. ओढत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने द्या. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत.

उन्हात तथ्य आहे, पण अर्धंच. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या परिचारिकेला उन्हात नेलेल्या बाळांचा पिवळेपणा ओसरलेला दिसला. त्यावरूनच १९५८ मध्ये निळ्या दिव्यांचा उपचार प्रसिद्ध झाला. मात्र दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या फक्त चेहऱ्याला ऊन लागतं. उघडं ठेवलं तर ते गारठतं किंवा भाजतं, आणि प्रकाश किती मिळाला याचं माप काहीच नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची २०१० ची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते: उपचार म्हणून ऊन वापरू नका. नुसत्या नजरेने पातळीही ठरवू नका, मोजा.

पेटीत बाळ फक्त लंगोटावर, डोळ्यांवर पट्टी, पाजायला बाहेर, आणि पातळी पुन्हा पुन्हा तपासायची. बिलिरुबिनचा आकडा बाळाच्या वयाच्या तासांवर आणि ते किती आठवड्यांचं जन्मलं यावर जोखतात. म्हणून "शेजारणीच्या बाळाचं बारा होतं, तरी सोडलं" याला अर्थ नाही.

हळद-वरणाचा काडीचाही संबंध नाही. बाळंतिणीला जेवू द्या.

आणि ते "पंधरा दिवस"! पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ १४ दिवसांनंतरही राहिली, तर डायरेक्ट बिलिरुबिन (यकृताने प्रक्रिया केलेलं) तपासायलाच हवं. शी पांढुरकी आणि लघवी गडद पिवळी असेल तर पित्तनलिका बंद असू शकते, आणि तिची शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांत झाली तर यशाची शक्यता जास्त. बाळ दूध सोडतंय, मलूल पडलंय, कर्कश रडतंय किंवा मान मागे ताणतंय, तर सकाळच्या उन्हाची वाट पाहू नका. बिलिरुबिन मेंदूत उतरलं तर बहिरेपणा येऊ शकतो, हातापायांवरचा ताबाही कायमचा जाऊ शकतो. रात्रीच निघा.