फेरियाले, फेस्तिवो आणि आमचे साडू

आमचे साडू सहलीचा अभ्यास पाच महिने आधीपासून करतात. युरोपच्या दौऱ्यात त्यांनी एक दिवस 'मोकळा' ठेवला होता आणि त्या मोकळ्या दिवसाचं तासागणिक वेळापत्रक लॅमिनेट करून आणलं होतं. मिलानहून तासाभराची रेल्वे, मग वारेन्ना, तिथून पंधरा मिनिटांच्या बोटीने बेलाजो, आणि चारच्या बोटीने परत. कोमो तळं नकाशात दोरीवर वाळत घातलेल्या पायजम्यासारखं दिसतं आणि दोन पाय फुटतात नेमकं तिथे बेलाजो वसलंय. साडूंनी मात्र बायकांसमोर 'इंग्रजी वाय, पण उलटा' असं सांगितलं. सभ्य माणूस.

वारेन्नाच्या धक्क्यावर बोटींचे दोन तक्ते होते : फेरियाले आणि फेस्तिवो.

"सोपंय," साडू म्हणाले. "फेरियाले म्हणजे फेरीवाल्या, रोजच्या फेऱ्या मारणाऱ्या. फेस्तिवो सणासुदीच्या. आज सोमवार, म्हणजे फेरियाले."

आता यात गंमत अशी, की फेरियालेचा अर्थ खरोखरच कामाचा दिवस असा आहे. भलत्या वाटेने जाऊन साडू बरोबर घरी पोचले होते. फक्त तो सोमवार २ जूनचा होता. १९४६ साली याच तारखेला इटालियन लोकांनी मतदानाला उभं राहून राजाला घरी पाठवलं, म्हणून आख्ख्या देशाला त्या दिवशी सुट्टी. सकाळच्या गाडीत निम्मं मिलान आमच्या पायांवर उभं होतं, तेव्हाच शंका यायला हवी होती.

बेलाजोबद्दल काय सांगू? सुंदर आहे. सालिता सेर्बेल्लोनी नावाची दगडी पायऱ्यांची गल्ली आहे आणि कोमोचं रेशीम प्रसिद्ध आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की पुरुषाने पायरीवर बसून राहायचं असतं. दोघी बहिणी स्कार्फ बोटांत चुरगाळून "पैठणीची सर नाही" म्हणत दुकानातून बाहेर येत आणि पुढच्या दुकानात शिरत.

चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही धक्क्यावर हजर. चार वाजले, सव्वाचार झाले. बोट नाही. मी फोनवर बघायला गेलो तर बॅटरी संपलेली. जगाला पहिली बॅटरी देणारा व्होल्टा याच तळ्याच्या टोकाला, कोमो गावात १७४५ साली जन्मला. ही माहितीसुद्धा साडूंनी तेव्हाच दिली.

तेवढ्यात एक बोट लागली. खलाशाने दोरखंडाचा फास न बघता खुंटावर टाकला, फळी सरकवली आणि ओरडला, "सोलो मेनाजो!" गर्दी थबकली. साडूंना ही सुवर्णसंधी वाटली.

"सोलो? एकेकट्याने चढा म्हणतोय," ते म्हणाले आणि खलाशाला चार बोटं दाखवून ठणकावलं, "नो सोलो! फोर!"

खलाशाने खांदे उडवले आणि आम्हाला घेतलं. सोलो म्हणजे 'फक्त', हे बोट वारेन्नाकडे पाठ करून निघाली तेव्हा कळलं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला निघालेला माणूस उरणला उतरावा, तसे आम्ही पलीकडच्या काठावरच्या मेनाजोला चाललो होतो.

मध्यावर साडूंनी वेळापत्रक काढलं. दुपारनंतर या तळ्यावर दक्षिणेकडून ब्रेव्हा नावाचा वारा सुटतो. हे त्यांच्या अभ्यासातून राहिलं असावं. कागद हातातून उडाला. चारशे मीटरहून खोल तळं, पण लॅमिनेट केल्यामुळे तो बुडेना. बराच वेळ आमच्या मागोमाग येत होता. कोणीही काही बोललं नाही. बायकोने भाकरवडीचा पुडा फोडला, एवढाच काय तो आवाज.

मेनाजोहून वारेन्नाची बोट मिळाली, तीही तासभर रांगेत उभं राहिल्यावर. "एका दिवसात दोनाऐवजी तीन गावं झाली," असं साडू म्हणाले, पण हळू आवाजात.

वारेन्नाच्या स्टेशनवर गाड्यांचा तक्ता लावलेला होता. बारीक अक्षरं, आणि त्यात पुन्हा तेच दोन शब्द. साडू पुढे झाले, खिशातून चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर चढवला.

मेव्हणीने तो अलगद उतरवला आणि पर्समध्ये टाकून चेन ओढली.