तो चार दिवस गप्प होता

माझा मुलगा पंधरा वर्षांचा. यंदाच्या मे महिन्यात त्याने काकांच्या कलमांत सुट्टीभर आंबे पुसले, पेट्या भरल्या. त्याचे अठराशे रुपये मिळाले, त्याची पहिली कमाई. त्यातले १,४९९ बुटांच्या एका पेजवर गेले आणि त्यापाठोपाठ त्याच्या बाबांच्या खात्यातले ६,८००. त्याला विचारूनच हे लिहिते आहे.

दुकानात सात हजारांना मिळणारे बूट त्या पेजवर १,४९९ ला होते, 'आज रात्री बारापर्यंतच'. कॅश ऑन डिलिव्हरी नाही, कमेंट बंद. बाबांच्या फोनवरून क्यूआर कोड स्कॅन केला तर दुकानाऐवजी कुणा माणसाचं नाव आलं. ते त्याने वाचलंही होतं. "मालकाचा नाव असात असा वाटला," म्हणाला.

ह्याच मुलासमोर देवगड हापूसच्या पेटीत घातलेला बाहेरचा आंबा ठेवा. साल बघून, वास घेऊन क्षणात बाजूला काढेल. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरलेल्या भागातल्याच आंब्याला ते नाव लावता येतं, तरी पेटीवरचं नाव वाचून थांबायचं नसतं, खालचा थर काढून बघायचा असतो, हे आमच्याकडची पोरं चालायला लागल्यापासून बघतात. पण ऑनलाइन दुकानाचा खालचा थर कसा काढायचा, हे त्याला आम्ही कधी दाखवलंच नव्हतं. विक्रेत्याचं नाव, पत्ता, तक्रार कुणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचं नाव, हे सगळं ग्राहकाला दिसलं पाहिजे असा २०२० चा ई-कॉमर्सचा नियम आहे. मला तरी तो कुठे माहीत होता? पेजवर यातलं काहीच नसेल तर पुढे जायचंच नाही, एवढं त्याला सांगितलेलं असतं तर १,४९९ वाचले असते.

पण मला खरी सल आहे ती पुढच्या ६,८०० ची.

आठ दिवस पार्सल आलं नाही. आपण फसलो हे त्याला कळत होतं, पण घरात सांगायचं धाडस होईना. म्हणून त्याने स्वतःच नेटवर कुरिअरचा कस्टमर केअर नंबर शोधला. सर्चमध्ये वर आलेला तो नंबर भामट्यांचाच होता. पलीकडचा माणूस गोड बोलला. पार्सल कणकवलीत पडून आहे, पत्ता अपुरा आहे, लिंकवर पाच रुपये भरा, उद्या पोचेल.

आता आपल्याकडचे पत्ते आठवा. 'तिठ्यावरून खाली, देवळामागे, माडाच्या बागेतलं घर'. आपल्याकडे कुरिअरवाला फोन केल्याशिवाय येतच नाही, कित्येकदा तिठ्यावर जाऊन पार्सल घ्यावं लागतं. अपुरा पत्ता हे कारण मलासुद्धा खरं वाटलं असतं. त्याने लिंकवर बाबांच्या कार्डाचा नंबर भरला, ओटीपी टाकला. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम स्पष्ट लिहिली होती, ६,८००. घाईत त्याने फक्त ओटीपीचे सहा आकडे पाहिले.

आणि मग चार दिवस तो गप्प. जेवत नव्हता. मला वाटलं दहावीचं टेन्शन. बाबा पासबुक भरून आले तेव्हा सगळं बाहेर पडलं. "तू आरडशीत म्हणान सांगूक नाय," हे त्याचं वाक्य मला अजून झोपू देत नाही. कारण मी ओरडलेच असते. मार्चमध्ये फोनची काच फुटली तेव्हा शेजारपाजारला ऐकू जाईल इतकी ओरडले होते, ते त्याच्या लक्षात होतं.

त्याच संध्याकाळी १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर. पैसे भामट्यांच्या खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात, म्हणून पहिल्या काही तासांना किंमत. आमचे चार दिवस गेले होते. बँकेतही रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम कळला: ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे नियमसुद्धा हेच विचारतो की सांगितलंत कधी.

वाडीत सगळे म्हणतात, फोन काढून घ्या. मला ते अजिबात पटत नाही. कणकवलीला जाऊन यायचं तर दिवस मोडतो, त्यामुळे गाइड, मिक्सरचं भांडं, आजोबांचा गुडघ्याचा पट्टा, सगळं ही मुलंच मागवतात. घराची खरेदी त्यांच्या हातात दिली आहे आणि चूक झाली की सांगायची वाट मात्र आपण बंद केली आहे. फोन काढून घेतला तर पुढच्या वेळी तो मित्राच्या फोनवरून करेल आणि मग चार दिवसच काय, कधीच कळणार नाही.

आम्ही दोन गोष्टी केल्या. यूपीआय सर्कल सुरू केलं. तो पेमेंट सुरू करतो, बाबांच्या फोनवर विचारणा येते, पिन बाबा टाकतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हेही तेव्हाच बसून समजावलं. दुसरी गोष्ट मला जास्त जड गेली. पैशांबद्दल काहीही येऊन सांगितलंस तर त्या दिवशी मी एक शब्द बोलणार नाही, असं त्याला देवासमोर सांगितलं. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी.

चतुर्थीला मुंबईहून सगळी भावंडं येतील. त्यांच्या आईबाबांनो, आरती झाली की मुलांना पडवीत घेऊन बसा आणि त्यांनी काय काय मागवलंय ते फक्त ऐका.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅस बुकिंगच्या नंबराखाली त्याने पेनाने १९३० लिहून ठेवलंय. परवा आजीने विचारलं, ह्यो कोणाचो नंबर? मी चुलीपाशीच होते. तो खाली बसला आणि बुटांपासून सगळं तिला स्वतःच सांगितलं.