आधी थर्मोस्टॅट, मग साप

दिवाळी संपून पुण्यात गारवा सुरू झाला की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येऊ लागतो: "ताई, बॉल पायथनसाठी कुठला बल्ब घेऊ?" बॉल पायथन म्हणजे घरी पाळला जाणारा आफ्रिकी अजगर, आणि थंडीत त्याच्या पेटीला ऊब द्यावी लागते. या वर्षी सगळ्यांना एकदमच उत्तर देते. बल्बचं नंतर बघू, आधी थर्मोस्टॅट घ्या, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर आवरणारं उपकरण. थर्मोस्टॅटचे पैसे बजेटमध्ये बसत नसतील, तर साप आत्ता घेऊच नका.

हे कडक वाटेल. पण पोट भाजलेले साप मी पाहिलेत आणि ज्यांच्या घरी ते होते ती माणसं मुळीच निष्काळजी नव्हती. सापाला थंडी बाजू नये म्हणून त्यांनी हीट मॅट आणली, दुकानात सांगितलं तशी पेटीच्या काचेखाली चिकटवली आणि पिन थेट सॉकेटमध्ये घातली. कुठे थांबायचं ते मॅटला कळत नाही, वीज आहे तोवर ती तापत राहते. वर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) जाड थर असेल तर उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि काच ४५ अंशांच्या पुढे सहज जाते. वरच्या भिंतीला चिकटवलेलं काट्याचं थर्मामीटर त्या वेळीही निवांत २८ दाखवत असतं. साप ऊब शोधत कोकोपीट उकरतो आणि थेट काचेवर जाऊन बसतो. फार तापलं तर आपणच उठून जाईल, असं आपल्याला वाटतं. तो जात नाही. साप काय, सरडे काय, तापलेल्या पृष्ठभागावर भाजेपर्यंत बसून राहतात. या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या कुठल्याही पशुवैद्याला विचारा. पोटाचे खवले आधी गुलाबी होतात, मग तपकिरी, मग फोड येतात. जखम भरून यायला कितीतरी वेळा कात टाकावी लागते.

दगडाच्या आकाराचे, विजेवर तापणारे जे हीट रॉक मिळतात, त्यांचंही हेच. फुकट मिळाला तरी घेऊ नका.

बॉल पायथन हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो जगभर गेला. तिथे तो उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत राहतो. शरीराची ऊब त्याला स्वतः तयार करता येत नाही, म्हणून तो जागा बदलत राहतो. आपण पेटीत त्याला नेमकी हीच सोय द्यायची असते: एका टोकाला बसायच्या जागेवर ३२-३३ अंश, दुसऱ्या टोकाला २५-२६, आणि दोन्हीकडे लपायला आडोसा. "पेटीत सगळीकडे बरोबर ३० ठेवलंय" असं कुणी अभिमानाने सांगितलं की मला त्या सापाची काळजी वाटते, कारण निवड करायला त्याच्याकडे काही उरलेलंच नसतं. ऊब कमी पडली तर गिळलेला उंदीर पचत नाही, तो उलटून टाकतो, पुढे फुप्फुसाचा संसर्ग होतो. पण हे सगळं हळूहळू होतं, आपल्याला सावरायला वेळ मिळतो. अतिउष्णतेने साप काही तासांत जातो. माझा सगळा आग्रह या एका फरकावर उभा आहे.

आता बल्बकडे येते. दिवसासाठी माझी पसंती हॅलोजनला आहे. हॅलोजनमधून निघणाऱ्या लघुलहरी अवरक्त किरणांची ऊब सूर्याच्या उबेसारखी त्वचेच्या आत, स्नायूंपर्यंत पोचते. मॅट आणि सिरॅमिक हीटर (उजेड न देणारा चिनी मातीचा हीटर) यांची दीर्घलहरी ऊब वरवरच राहते. "रिप्टाइल" असं छापलेला महागडा बल्बच हवा असंही नाही, इलेक्ट्रिकच्या दुकानातला साधा हॅलोजन स्पॉट किंवा फ्लड चालतो. मात्र हॅलोजन मागितल्यावर हातात एलईडी मिळण्याची शक्यता फार, आणि एलईडीची ऊब सापाच्या काहीच कामाची नाही. अमेरिकेहून कुणी आणून देत असेल तर व्होल्टेज बघून घ्या. तिथला १२० व्होल्टचा बल्ब आपल्या २३० वर लावला की लगेच उडतो.

रात्री उजेड नको. त्यासाठी सिरॅमिक हीट एमिटर (तोच सिरॅमिक हीटर) किंवा डीप हीट प्रोजेक्टर, दोन्ही उजेडाशिवाय ऊब देतात. लाल बल्ब सापांना दिसत नाही ही समजूत आता सोडून द्यायला हवी. त्यांना तो प्रकाश जाणवतो आणि रात्रंदिवस पेटीत लाल उजेड ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. सिरॅमिकला चिनी मातीचाच होल्डर लावा, प्लॅस्टिकचा वितळतो. भोवती जाळीचा पिंजराही हवाच, कारण साप उबेच्या वस्तूला वेटोळं घालतो.

जे लावाल त्याला शोभेल तोच थर्मोस्टॅट घ्यायचा, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ऑन-ऑफ थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो, खाली आलं की पुन्हा जोडतो. मॅटला आणि सिरॅमिकला तो चालतो. पल्स थर्मोस्टॅट वीज तुकड्यातुकड्यांनी सोडतो, तोही मॅट-सिरॅमिकसाठीच. हॅलोजनला डिमिंगच लागतो, म्हणजे वीज न तोडता ती हळूहळू कमी-जास्त करणारा. हॅलोजन ऑन-ऑफवर लावला तर दिवसभर पेटतो, विझतो, पेटतो. फिलामेंट लवकर जातं आणि तो बिचारा जीव सतत उघडझाप करणाऱ्या उजेडात राहतो. बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा पाळणाऱ्यांनी यूव्ही ट्यूब थर्मोस्टॅटला जोडू नये, तिला वेगळा टायमर द्यावा. ऊब आणि यूव्ही दोन्ही देणारा मर्क्युरी व्हेपर बल्ब तर डिमरवर चालतच नाही.

आपल्याकडे बरेच जण एसटीसी-१००० हा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट वापरतात. अंडी उबवणीच्या मशीनचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे तो स्वस्तात मिळतो. माझा त्याला विरोध नाही, पण त्याच्या पाठीमागे उघडे टर्मिनल असतात. चांगल्या वायरमनकडून तो बंद डब्यात बसवून घ्या, अर्थिंग तपासा, त्या लाइनला आरसीसीबी (वीजगळती झाली की लाइन तोडणारा स्विच) असू द्या. तापमानातला फरक किती झाला की चालू-बंद व्हायचं, ते त्यात ठरवता येतं. ते १ अंशाच्या आत आणा. आतला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, कधीतरी चिकटतो आणि मग हीटर बंदच होत नाही. म्हणून मी दोन थर्मोस्टॅट एकापाठोपाठ जोडायला सांगते, दुसरा २-३ अंश वर ठेवून. ते शक्य नसेल तर वॅट तरी मोजून निवडा. ६० वॉटमध्ये भागणाऱ्या पेटीवर १५० वॉट लावले आणि थर्मोस्टॅट बिघडला, तर आत भट्टी होते.

थर्मोस्टॅटला कळतं ते फक्त प्रोबच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या वायरच्या, टोकाशी काय चाललंय एवढंच. प्रोब पाण्याच्या भांड्यात पडला किंवा सापाने ढकलून थंड टोकाला नेला, की थर्मोस्टॅट समजतो थंडी आहे आणि हीटर पूर्ण जोरात चालवतो. मॅट असेल तर मॅटच्या वर, जिथे साप खरोखर टेकतो तिथे प्रोब ठेवा. दिवा असेल तर बसायच्या जागेच्या उंचीला. झिप टायने किंवा हॉट ग्लूने पक्का करा. पेटीच्या आत चिकटपट्टी कधीही नको. सापाचे खवले तिला चिकटतात आणि सोडवताना त्वचा फाटते. पृष्ठभागाचं तापमान बघायला दुरून मोजणारी इन्फ्रारेड गन घ्या, पण कारखान्यात वापरतात तशी. फक्त ताप बघण्यासाठी बनवलेली गन इथे कामाची नाही.

इंग्रजी केअर शीटमधले (प्राणी कसा पाळायचा त्या माहितीपत्रकांतले) आकडे जपून वापरा. त्या बहुतेक हिवाळाभर हीटिंग चालू असलेल्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या आसपास जातो आणि त्याच दिवशी दुपारी २९-३० होतो, म्हणून इथे काचेच्या पेटीपेक्षा प्लायवूडची पेटी मला बरी वाटते. काचेचीच असेल तर तीन बाजूंना बाहेरून थर्माकोल लावा. मुंबईत, रत्नागिरीत बऱ्याच रात्री काही लावावंच लागत नाही. नागपूर-अकोल्याच्या लोकांचा प्रश्न उलटा आहे. मे महिन्यात खोलीच ४० ला पोचते, थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, पण गारवा कुठून आणणार? एसटीसी-१००० च्या दुसऱ्या रिलेवर पंखा जोडतात, पण तो खोलीतलीच गरम हवा आत फिरवतो. ज्या घरात मे महिन्यात ३२ च्या खाली राहणारी एकही खोली नाही, त्या घरी बॉल पायथन नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लोडशेडिंगचाही विचार आधीच करा. २० वॉटची मॅट साध्या इन्व्हर्टरवर रात्रभर निघते, १०० वॉटचा हॅलोजन मात्र बॅटरी फार लवकर संपवतो. काहीच नसेल तर टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पेटीच्या बाहेरून टेकवून ठेवा.

आपल्याकडचा अजगर, घोरपड किंवा स्टार कासवासाठी कुठला हीटर, असंही कुणी कुणी विचारतं. ते पाळणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मी उत्तर देत नाही. बॉल पायथनचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नसलेला साप घेऊ नका.

आणि ज्यांचं ठरलंय त्यांनी एवढं करा. पेटी, हीटर, थर्मोस्टॅट सगळं जोडून आठवडाभर रिकामं चालवा. पहाटे पाचला आणि दुपारी दोनला दोन्ही टोकांचं तापमान वहीत लिहा. एकदा मुद्दाम वीज बंद करून पेटी किती वेळात गार होते तेही बघा. आकडे जुळले नाहीत तर वॅट बदला, थर्माकोल वाढवा, प्रोब हलवा आणि पुन्हा आठवडाभर चालवा. तेवढे दिवस साप स्वतःकडे ठेवायला विकणारा तयार नसेल, तर त्याच्याकडून घेऊ नका. वहीतले आकडे कमेंटमध्ये टाकलेत तर मी नक्की बघून सांगेन.