पळवलेला बॅटमॅन

चिरंजीवांनी नवव्या वाढदिवसाला बॅटमॅनचा केक मागितला होता. फक्त केक. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे जे झालं ते कुणामुळे झालं यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. केकबरोबर सिनेमाही लावू, सगळ्या पोरांना हॉलमध्ये बसवू, पडदे ओढून अगदी थेटरसारखं करू, ही कल्पना माझी. चिरंजीव म्हणाले, "बरं." ताटात दोडक्याची भाजी पडल्यावर ते ज्या सुरात म्हणतात, त्याच सुरात. मी तो सूर ऐकला नाही, कारण मला स्वतःला तो सिनेमा परत बघायचा होता.

आमची सोसायटी गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, सोळा बिऱ्हाडांची. ग्रुपवर निरोप टाकला: रविवारी चार वाजता, बॅटमॅन, मुलांना पाठवा. दहा मिनिटांत पहिला प्रश्न आला. "कुठला?"

हे नोटप्रेसकाका. नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेले. कुठलीही गोष्ट उजेडात धरून, मागून-पुढून बघितल्याशिवाय खरी मानायची नाही, ही सवय. दूधवाल्याच्या बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं ते असंच बघतात. शिवाय प्रश्न रास्त होता. बॅटमॅन एक नाही, दशकाला एक निघतो. मी लिहिलं, 2022 सालचा. त्यावर वरच्या मजल्यावरच्या वणीवाल्या काकू अवतरल्या. (दर चैत्रात गडावर पायी जातात म्हणून वणीवाल्या.) "तो काळाकुट्ट? माझ्या भाच्याने अर्ध्यात बंद केला. लहान मुलांना अजिबात नको." मग अंगठे वर झाले, हात जोडले गेले, आणि कुणीतरी चुकून 'भावपूर्ण श्रद्धांजली'चं चित्र टाकून पुसून टाकलं. शेवटी ठरलं की शनिवारी सकाळी समोरासमोर बोलू. आमच्याकडे. मिसळीवर.

नाशकात वाद मिसळीवर मिटवतात. मिटतो असं नाही, पण रस्सा संपतो आणि माणसं उठतात.

मी तयारीनिशी बसलो होतो. म्हटलं, हा वाद काही आजचा नाही. 1954 साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्दम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे पोरं बिघडतात असं पुस्तक लिहून एवढा गदारोळ उडवला, की प्रकाशकांनी घाबरून स्वतःच स्वतःला नियम घालून घेतले. 1992 च्या बॅटमॅनच्या वेळी बर्गरबरोबर मुलांना त्याची खेळणी वाटली, आणि सिनेमा बघून आलेले आईबाप बर्गरवाल्यांवर भडकले. 2008 मध्ये जोकरवाला आला तेव्हा ब्रिटनच्या सेन्सॉरकडे पालकांच्या शेकडो तक्रारी गेल्या. "म्हणजे बघा," मी समारोपाला आलो, "सत्तर वर्षं हेच चाललंय!"

"म्हणजे सत्तर वर्षं लोक हेच सांगताहेत," काका म्हणाले, "आणि तुला आत्ता कळलं."

हुकमाचा पत्ता काढला. "काका, बॅटमॅनची अगदी पहिली गोष्ट 1939 सालची, दहा सेंटला मिळणाऱ्या मासिकातली, खास पोरांसाठीची. तिच्यातसुद्धा खलनायक बॅटमॅनचा ठोसा खाऊन ॲसिडच्या टाकीत पडून मरतो!"

हा पत्ता माझ्याच अंगावर उलटणार हे बोलताना लक्षात यायला हवं होतं. काकूंचा पाव रश्शात बुडवलेला होता, तो तसाच राहिला. "ॲसिडच्या टाकीत? आणि हे तुम्ही मुलांना दाखवणार?"

"ते नाही हो, ते 1939 चं..."

"मग 2022 चं काय असेल!"

कोपऱ्यातून आमची आई बोलली. तिने तोवर फक्त कांदा वाढला होता. "सगळं गाव शूर्पणखेच्या नाकावर उभं आहे," ती म्हणाली, "आणि सिनेमात मारामारी आहे म्हणून चहा थंड करताय."

यावर एक मिनिट कुणी बोललं नाही. नाशिक हे नावच त्या कापलेल्या नाकावरून पडलं, असं आम्हाला बालवाडीपासून सांगितलेलं. तपोवनात लक्ष्मण तिचं नाक कापतोय असा पुतळा आहे, आणि त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढलेला नाही असं मूल मला तरी गावात माहीत नाही. माझाही आहे. चार वर्षांचा मी, हातात कुल्फी, मागे नाक. चिरंजीवांचाही आहे. आई काकूंकडे वळली. "आणि तुमच्या गडावर गं? देवीला अठरा हात, प्रत्येक हातात शस्त्र, आणि पायऱ्यांशी महिषासुराचं मुंडकं. तुमची नात गेल्या वर्षी त्याला हळद-कुंकू लावून आली ना?"

"अहो, ते देवाचं," काकू म्हणाल्या.

"हो, तेच म्हणते," आई म्हणाली आणि अजून कांदा आणायला उठली. तिला नेमकं काय म्हणायचं होतं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. सिनेमा दाखवा असं ती म्हणालीच नव्हती.

मग सरकारी मोजमाप आलं. 2023 च्या कायदादुरुस्तीने सिनेमावरच्या 'यूए' या सेन्सॉरच्या शिक्क्याचे वयाप्रमाणे तीन भाग केले: सात, तेरा आणि सोळा. आमची पोरं आठ ते दहातली. म्हणजे सातच्या पुढे, तेराच्या अलीकडे, एसटीतल्या अर्ध्या तिकिटासारखी. त्यात आमचा सिनेमा दुरुस्तीच्या आधीचा. काका म्हणाले, शिक्का जुना आहे, चालणार नाही. काकूंनी घसा साफ केला. "त्यात... तसलं काही आहे का?"

"एक-दोनदा मुका घेतात. बॅटमॅन आणि मांजरवाली."

हा भाग उडवायचा यावर बैठकीचं एका सेकंदात एकमत झालं. दोन तासांतलं हे पहिलं एकमत. 2025 मध्ये आपल्या सेन्सॉर बोर्डाने सुपरमॅनचं हवेत तरंगत घेतलेलं चुंबन छाटलं आणि कोसळत्या इमारती ठेवल्या, तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना बातमी दाखवून हसलो होतो. आता वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं: मुके, पळवणे.

हो, वही. निकाल असा लागला होता, की मी शनिवारी रात्री सिनेमा एकट्याने बघायचा, नको ते प्रसंग मिनिटासकट टिपायचे, आणि रविवारी ते रिमोटने पळवायचे. काका म्हणाले, "जबाबदारीचं काम आहे." मला उगाच पदोन्नती झाल्यासारखं वाटलं.

रात्री साडेदहाला दिवे मालवून बसलो. पूर्वी पाहिला होता, पण चाहता म्हणून. सेन्सॉर म्हणून बघताना सिनेमा वेगळा दिसतो. पहिल्या दहा मिनिटांत शहराच्या महापौराला त्याच्याच घरात मारतात आणि त्याचं तोंड चिकटपट्टीने गुंडाळतात. ती पट्टी ओढल्याचा आवाज येतो. चर्रर्र. मी लिहिलं: चिकटपट्टी, पळवणे. पुढे अंगठा: पळवणे. पुढे उंदरांचा पिंजरा, तोही माणसाच्या डोक्याला लावलेला: पळवणे, दोनदा अधोरेखित. बाहेर कुठे खुट्ट झालं नाही, आणि माझ्या पाठीमागून, बेडरूममधून आवाज आला. चर्रर्र.

मी रिमोट टाकला. परत चर्रर्र. सावकाश, लांबलचक.

"अहो," बायको आतून म्हणाली, "कात्री कुठे ठेवलीत? दाताने तोडावी लागतेय." ती रिटर्न गिफ्टच्या डब्यांना कागद लावत होती. मी कात्री द्यायला गेलो नाही. उठता येत नव्हतं.

त्या रात्री उरलेले दोन तास बघताना एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली, ती इथेच सांगतो, घरात सांगितलेली नाही. हा सिनेमा पोरांसाठी वाईट आहे की चांगला, हा प्रश्नच नव्हता. तो पोरांचा नव्हताच. तो माझा होता. 1939 ची ती गोष्ट सहा पानांची. गुंड टाकीत पडतो, बॅटमॅन पुढच्या कामाला, पोरगं शेंगदाणे खायला मोकळं. इथे तीन तासांना चार मिनिटं कमी, आणि त्यात बॅटमॅन एकदाही धड हसत नाही. सतत पाऊस, सतत अंधार, चेहऱ्यावर गृहकर्जाचे हप्ते थकल्याचे भाव. नऊ वर्षांच्या कुणाला याची गरज आहे? गरज आहे चाळिशीतल्या माणसाला, ज्याला लहानपणचं खेळणं सोडवत नाही आणि त्याच्याशी खेळताना कुणी बघितलं तर लाजही वाटते. म्हणून आम्ही खेळण्याला गंभीर केलं. पोरांनी मागितला होता केक.

पण निरोप गेले होते. रविवारी चारला नऊ पोरं हॉलमध्ये बसली.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आमच्या टीव्हीवर सिनेमा पुढे पळवला की खाली पट्टीवर त्या प्रसंगाची बारीक बारीक चित्रं सरकतात. पोस्टाच्या तिकिटाएवढी. पण नऊ वर्षांच्या डोळ्यांना तिकीट पुरतं. पहिल्याच ठिकाणी जरा जास्त पुढे गेलो, मागे आलो, आणि नेमका त्या गुंडाळलेल्या तोंडावर येऊन थांबलो. बटणं दाबली जाईनात. पोरांनी तेवढ्यात निरखून घेतलं.

"ममी आहे," कुणीतरी म्हणालं.

"ममी नाही रे," दुसऱ्या मजल्यावरचा बंट्या म्हणाला, "त्याला कुरिअरने पाठवतायत."

त्यानंतर सिनेमा कुणी बघितलाच नाही. सगळे पट्टी बघत होते. मी वही बघून रिमोट उचलला, की नऊ डोकी एकदम पुढे झुकायची. "काका, यात काय होतं?" "काही नाही." "मग पळवलं का?" याला उत्तर नाही. मुके पळवताना तर बंट्याने डोळ्यांवर हात घेतला आणि बोटांच्या फटीतून पाहत सगळ्यांना सांगितलं, "हे लग्नाचं आहे."

इतकं पळवल्यावर हाती काय उरलं? पाऊस. आणि पावसात चालणारा एक माणूस. चिरंजीव केकचा बॅटमॅनच्या कानाचा तुकडा कधी मिळेल एवढंच दर पाच मिनिटांनी विचारत होते. शेवटी मात्र बांध फुटून सगळ्या शहरात पाणी घुसतं, आणि तो प्रसंग मी ठेवला होता. तिथे सगळी सभा जिवंत झाली.

"एवढं पाणी म्हणजे मारुतीच्या छातीला लागलं असणार!"

"छातीला काय, डोक्यावरून गेलं!"

गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजणाऱ्या गावातली पोरं. त्यांनी त्या अमेरिकन शहराला भराभर आमच्या रामकुंडाला आणून बांधलं, आणि भांडीबाजारातली दुकानं आवरली असतील का याची चर्चा करत केक खाल्ला. रिटर्न गिफ्टच्या डब्यांवरची चिकटपट्टी पाहून दोन पोरं बारीक किंचाळली, पण आनंदाने.

साडेसातला पहिला फोन आला. "अहो, तुम्ही पोरांना काय दाखवलंत? आमचा म्हणतो, बॅटमॅनने एकाचं मुंडकं कापून डब्यात भरलं."

"असं काहीही नव्हतं त्यात."

"तो म्हणतो, तुम्ही पळवलंत तिथे होतं."

आठपर्यंत पाच फोन. पळवलेल्या भागांत आता एक विहीर आली होती, एक करवत आली होती, उंदरांचे साप झाले होते, आणि बंट्याच्या आवृत्तीत बॅटमॅनचं लग्न मोडलं होतं. मी शपथेवर सांगायला तयार होतो, पण पुरावा काय? पुरावा मीच पळवला होता. नुसता सिनेमा लावला असता, तर पोरांनी एवढं कधीच पाहिलं नसतं.

नऊ वाजता बेल वाजली. दारात नोटप्रेसकाका, मागे वणीवाल्या काकू, त्यांच्या मागे बंट्याचे आईवडील. काकांच्या हातात चष्म्याची डबी. "वही आहे ना तुझी?" ते म्हणाले. "ती घे. सिनेमा नको. फक्त पळवलेले भाग लाव. बघू काय आहे ते."

सगळे बसले. उरलेला केक निघाला. मी वहीतून मिनिटं वाचायची आणि बायकोने रिमोट चालवायचा, अशी व्यवस्था झाली. पहिली चिकटपट्टी आली तेव्हा काकूंनी पदर तोंडाशी नेला, पण मान वळवली नाही. पिंजऱ्याला बंट्याचे वडील म्हणाले, "बाप रे," आणि केकचा दुसरा तुकडा घेतला. आई सगळ्यात पुढे, टीव्हीपासून तीन फुटांवर, कारण तिला लांबचं दिसत नाही.

एवढ्यात चिरंजीव पाणी प्यायला उठून आले. "आत जा!" पाच मोठी माणसं एकदम ओरडली.

ते दारातच थांबले. "आजी पण बघतेय?"

"आजीला चालतं," आजी म्हणाली. तिने नजर हलवली नाही. "तू झोप."

ते गेले. मी वहीतलं शेवटचं पान वाचलं. मुके, दोन. बायकोने लावले. दहा-बारा सेकंदांत संपले. हॉलमध्ये शांतता.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे नीट दिसलं नाही," ते म्हणाले. "जरा मागे घे."